सुटकेलाच विरोध, की अटी कडक?

मनोविकारामुळे निर्दोष ठरलेला माणूस देखरेखीखाली बाहेर येणार, हे कळलं की पीडितांचे घरचे म्हणणारच, "सोडूच नका." अमेरिकेत हा मार्ग अवघड आहे. फौचा विरुद्ध लुइझियाना खटल्यात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की मानसिक आजार उरला नसेल तर निव्वळ धोकादायक म्हणून रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. गुन्हा किती भयंकर होता हे पुन्हा सांगून फारसं साधत नाही. रुग्णालयात ठेवणं ही शिक्षा नव्हेच मुळी. औषधं बुडवल्याच्या ताज्या नोंदी असतील, तर सरकारी वकिलाच्या विरोधाला धार येते.

दुसरा मार्ग अटींवर बोट ठेवायचा. मला हाच जास्त पटतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर १९८१ मध्ये गोळ्या झाडणाऱ्या आणि असाच निर्दोष ठरलेल्या जॉन हिंकलीला २०१६ मध्ये सोडताना माध्यमांशी बोलायची बंदी घातली होती. मागणी अशीच नेमकी हवी: औषधं घेतो का हे कोण बघणार? अट मोडली तर कुणाला, किती तासांत कळवणार? 'कडक लक्ष ठेवा' एवढं मोघम लिहिलं तर हाती काही लागत नाही.

अर्थात अटीही कायमच्या नसतात. हिंकलीवरच्या २०२२ मध्ये उठल्या. म्हणून पुढच्या प्रत्येक सुनावणीची आगाऊ सूचना मिळावी, हेही अटी मागणाऱ्या अर्जातच मागून घ्यावं.