नळी काढणं आणि सुई टोचणं

फोंड्याच्या मावशीचे शेवटचे अकरा दिवस व्हेंटिलेटरवर गेले. नळी ओढू नये म्हणून हात बँडेजने खाटेच्या कठड्याला बांधलेले. मनगटावर वळ उठले होते. बरं न होणाऱ्या माणसाची नळी काढून उपचार थांबवावेत की सुई टोचून मरण द्यावं, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

उपचार थांबवले तर माणसाला आजार नेतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये, वर्षानुवर्षं अचेतन पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात ही वाट कडक अटींवर उघडली, २०१८मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. २०२३पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी २०२४मध्ये स्वतःचं इच्छापत्र केलं.

सुई टोचून मरण देणं नेदरलँड्समध्ये २००२पासून कायदेशीर आहे, आपल्याकडे गुन्हा.

नळी काढल्यावर माणूस दोन दिवस तडफडला, तर सुईच जास्त दयाळू नव्हे का? हा युक्तिवाद मला खोडता येत नाही. पण तडफड मॉर्फिनने शमवता येते. आणि मुलं परदेशी, घरात एकटं म्हातारपण, अशी घरं आमच्या वाड्यावरच कितीतरी आहेत. तिथे ‘मी भार झालेय’ हे वाक्य संमती म्हणून ऐकलं जाईल, याची मला खरी भीती वाटते. म्हणून मी नळी काढण्याच्या बाजूने.

मावशीने काहीच लिहून ठेवलं नव्हतं. मी या महिन्यात लिहितेय.