स्तनांच्या आरोग्यासाठी देणगी: शिबिर, यंत्र, प्रशिक्षण की बायोप्सीपर्यंतची वाट?

आईच्या तेरवीची पंगत लहान ठेवून उरलेला पैसा गावातल्या बायकांच्या कामी लावावा, असा विचार करणारी घरं विदर्भात आता भेटतात. कुणी निवृत्तीच्या रकमेतून लाखभर बाजूला काढतं, कुठे बचत गट वर्गणी जमवतो. स्तनाचा कर्करोग भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कर्करोग आहे, त्यामुळे त्यासाठी द्यावं हे लवकर ठरतं. अडतं ते कशावर द्यावं इथे. माझं मत आधीच सांगते. पैसा मोजका असेल तर तो गाठ सापडलेल्या बाईला बायोप्सीपर्यंत (गाठीचा तुकडा काढून तपासण्यापर्यंत) आणि तिथून उपचारापर्यंत पोचवण्यावर खर्च करा. बाकीच्या वाटांशी ताडून पाहिलं तरी मी याच मतावर येते.

एका दिवसाचं शिबिर देणगीदाराला सगळ्यांत जवळचं वाटतं. बॅनर लागतो, मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, गाडी येते, बाई डॉक्टर असली तर एरवी ब्लाऊजचं बटण काढायला न धजणाऱ्या बायकाही रांगेत उभ्या राहतात. हा फायदा खरा आहे. पण तरुण बायकांच्या स्तनातली ऊती दाट असते आणि मॅमोग्राफीत गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून सरसकट सगळ्यांची मॅमोग्राफी हे शिबिराचं यश मानू नका. आयोजकांना एकच प्रश्न विचारा: मागच्या शिबिरात ज्यांना 'पुढे दाखवा' म्हणून चिठ्ठी दिली, त्यांतल्या किती जणींचा बायोप्सीचा रिपोर्ट आला आणि किती दिवसांत? जागतिक आरोग्य संघटनेने बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून निदानापर्यंत ६० दिवसांची मर्यादा सांगितली आहे. उत्तर वहीत लिहिलेलं असेल तर शिबिराला जरूर द्या.

स्तनकर्करोगाच्या जागृतीसाठी ऑक्टोबरमध्ये निघणाऱ्या गुलाबी फेऱ्यांना माझ्या हिशेबात जागा नाही. टी-शर्टच्या पैशांत दोन-चार जणींच्या सोनोग्राफी होतात.

यंत्र देण्याची इच्छा मोठ्या देणगीदारांना होते, आणि तिथेच पैसा अडकून पडण्याचा धोका मोठा आहे. मॅमोग्राफी यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. सोनोग्राफीचं यंत्र स्तनासाठीच वापरायचं असलं तरी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली त्याची नोंद करावी लागते. ते ट्रस्टच्या नावाने विकत घेऊन कुठेही नेऊन ठेवता येत नाही. परवानग्या मिळाल्या तरी फोटो काढणारी तंत्रज्ञ आणि तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट कोण, हा प्रश्न राहतोच. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असा डॉक्टर क्वचितच असतो. यंत्र द्यायचंच असेल तर जिथे ही माणसं आधीपासून कामावर आहेत अशा ठिकाणी द्या, आणि दुरुस्तीच्या वार्षिक कराराचे पैसे सोबत द्या.

प्रशिक्षणाची बाजू भक्कम आहे. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका ठरावीक अंतराने हाताने तपासणी करत होत्या. २०२१ मध्ये वीस वर्षांचे निष्कर्ष आले: आजार तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडला आणि ५० वर्षांवरच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत तशी ठोस घट दिसली नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. आपल्याकडे तिशीवरच्या बाईला कोणत्या आजारांचा धोका आहे याचा फॉर्म आशाताई भरतात, आणि सरकारी आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी आहे. देणगीतून सरावाचे सिलिकॉनचे नमुने, शिकवायला येणारी बाई डॉक्टर, दर वर्षी उजळणी, आणि उपकेंद्रात पडदा, खाट, कडी लागणारं दार एवढं मिळालं तरी ही तपासणी कागदावरून प्रत्यक्षात उतरते.

पण मुंबईतल्या बाईला टाटा रुग्णालय त्याच शहरात होतं. पांढरकवड्याजवळच्या गावातून नागपूर दीडशे किलोमीटर पडतं. धारणीहून अमरावती गाठायलाही मेळघाटाचा घाट उतरावा लागतो. म्हणून गाठ शोधण्यापेक्षा सापडल्यानंतरचा रस्ता मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

त्या रस्त्यावर काय होतं? गाठ बहुधा दुखत नाही. 'दुखत नाही तं कायले दाखवाचं?' म्हणून महिने जातात. दाखवलं की सोनोग्राफी एका तारखेला, बायोप्सी दुसऱ्या तारखेला, रिपोर्ट तिसऱ्या. प्रत्येक फेरीत तिची मजुरी बुडते आणि सोबत येणाऱ्याचीही. २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, पण सोबतच्या मोठ्या मुलाला पूर्ण. कापूस वेचणीच्या दिवसांत तर फेरी पुढेच ढकलली जाते. महात्मा फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड यांचा आधार मोठा आहे, मात्र तो मुख्यतः निदान झाल्यावर, दाखल करून होणाऱ्या उपचारांसाठी. त्याआधीच्या तपासण्या बऱ्याचदा पदरच्या पैशाने होतात. त्यात आधारवर माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं असलं की आणखी हेलपाटे.

उपचार सुरू झाल्यावरही सोबत लागते. केमोथेरपी बऱ्याचदा दर २१ दिवसांनी येते. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, तीन ते पाच आठवडे चालतं. तेवढे दिवस नागपुरात राहायचं कुठे? गाडगेबाबांनी आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या. त्यांच्याच विदर्भात एखाद्या कॅन्सर रुग्णालयाजवळ रुग्णाच्या दोन खोल्यांचं वर्षभराचं भाडं भरणं हे दान मला त्या वाटेवरचंच वाटतं.

बायोप्सी आणि उपचारापर्यंत पोचवणाऱ्या या निधीला उणिवाही आहेत. त्याचा फोटो निघत नाही, आणि काढूही नये. कोणत्या बाईला गाठ निघाली हे गावभर होऊ देऊ नका. लग्नाच्या मुली असलेल्या घरात त्याची झळ खोल बसते. रोख हातात देण्याऐवजी सोनोग्राफी सेंटर आणि पॅथॉलॉजीचं बिल थेट भरा, दर रुग्णामागे मर्यादा ठरवा, आणि निधीतला काही भाग पाठपुरावा करणाऱ्या एका बाईच्या मानधनाला ठेवा. तारखा सांगायला, आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्याकडे) कागद न्यायला, केमो चुकली तर घरी फोन करायला ती नसेल तर उरलेला पैसाही नीट पोचत नाही.

नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा जवळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यांपैकी तुमच्या गावच्या बायका प्रत्यक्ष जिथे जातात तिथे आधी चौकशी करा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांना भेटा. देणगी कशासाठी, कोणत्या तालुक्यासाठी, हिशेब किती महिन्यांनी, हे पत्रात लिहून घ्या. करसवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रक्कम चेक किंवा ऑनलाइन द्या. नवी करपद्धत निवडली असेल तर देणगीची वजावट मिळत नाही.

पन्नास हजार असतील तर सगळे तपासण्या आणि प्रवासाला द्या. दोन-तीन लाख असतील तर त्यातच मानधन आणि एका आरोग्य केंद्राखालच्या आशाताईंचं प्रशिक्षण बसतं. त्याहून मोठी रक्कम असेल तर आधी हे दोन वर्षं चालवून पाहा. यंत्राची गरज खरंच आहे का, ते तोवर पाठपुरावा करणाऱ्या बाईच्या वहीतल्या तारखाच सांगतील.