हॉटेलातला मेन्यू-टीव्ही: रास्पबेरी पाय आणि अँथियास, काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्लेक्सवर दर बदलायचा म्हणजे जुन्या आकड्यावर पांढरी चिकटपट्टी आणि वर मार्कर. कराडच्या आमच्या नाश्त्याच्या हॉटेलात वर्षानुवर्षं हेच चाललं. गेल्या पावसाळ्यापासून गल्ल्याच्या वर ४३ इंची टीव्ही आहे, मागे रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा छोटा संगणक अडकवलाय आणि त्यावर अँथियास चालतं. अँथियास म्हणजे टीव्हीवर फोटो, व्हिडिओ, वेबपानं दाखवणारं सॉफ्टवेअर, पूर्वीचं स्क्रीनली ओएसई. मुक्तस्रोत आहे, पैसे लागत नाहीत.

बसवायला सोपं. मेमरी कार्डवर अँथियासची इमेज, म्हणजे तयार सिस्टिमची फाइल, लिहायची, पाय सुरू केला की टीव्हीवरच पत्ता दिसतो, तो त्याच वायफायवरच्या मोबाइलमध्ये उघडायचा. फोटो, व्हिडिओ किंवा वेबपानाचा दुवा द्यायचा. किती सेकंद आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत दाखवायचं ते ठरवायचं. केबल मात्र बघून घ्या. पाय ४ ला मायक्रो एचडीएमआय लागते, घरातली नेहमीची चालत नाही.

रोज नवं चित्र करून चढवणं वहिनींना जमत नाही असं नाही, पण सकाळी साडेसातला कढईसमोर वेळ कुणाला आहे? म्हणून मेन्यू गूगल स्लाइड्समध्ये ठेवला, वेबवर प्रकाशित केला आणि तो दुवा अँथियासला दिला. वहिनी फोनवरून साबुदाणा वड्यापुढे ‘संपले’ लिहितात, काही मिनिटांत पडद्यावर येतं. त्या काही मिनिटांत एखादं गिऱ्हाईक वडा मागतंच, आणि मग वहिनींना तोंडाने सांगावं लागतं.

खरी मेहनत अक्षरांवर गेली. फ्लेक्सवाल्याकडचा जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, नव्हता. स्लाइडवर टाकला की ‘मिसळ’ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. सगळं पुन्हा टाइप केलं, फॉन्ट मुक्ता घेतला, जाड वजनाचा. तरी ‘तर्री’ दारातून ‘तरी’ वाचली जायची, कारण वेलांटी आणि रफार एकमेकांत मिसळतात. अक्षर मोठं केलं, ओळींत जागा सोडली, तेव्हा सुटलं. दहा फुटांवरून वाचायचं असेल तर अक्षराची उंची इंचभर तरी हवी, या हिशेबाने एका पानावर आठ-नऊ पदार्थांच्या वर जाऊ नये. आमच्याकडे पदार्थ जास्त, म्हणून पहिल्यांदा पानं फिरती ठेवली होती. लोक पोह्याचा दर शोधतात तोवर पान उलटतं, मग ‘दादा, मागचं दाखवा की!’ आता दरांचं पान जागचं हलत नाही. कमी खपाचे पदार्थ छापील कार्डावर गेले. फिरतं काही असेल तर फक्त फोटो, तेही दरांच्या शेजारी छोट्या चौकटीत.

वीज हा वेगळाच विषय. लाइट गेली की पाय आपोआप उठतो, टीव्ही उठत नाही. रिमोट शोधावा लागतो. घ्यायच्या आधी दुकानदाराला प्लग काढून परत लावून दाखवायला सांगा. पाय ४ ला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नाही, वेळ तो इंटरनेटवरून घेतो. एका संकष्टीला लाइट आली, पण नेट आलं नाही, म्हणून पाय आदल्याच दिवशी अडकला आणि उपवासाचं पान तारीख लावूनही आलं नाही. त्यानंतर पाय आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर टाकले. अचानक वीज गेल्याने मेमरी कार्ड खराब होतं तेही त्याने टळतं. सुटं कार्ड तयार करून गल्ल्यात ठेवलंय.

टीव्ही साधा घरगुती आहे. आत ठीक, पण रस्त्याकडच्या काचेला लावायचा असेल तर दुपारच्या उन्हात काही दिसणार नाही. तिथे जास्त उजेडाचा व्यावसायिक पॅनेलच हवा. मेन्यूच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र पूर्ण दाखवण्याचा पर्याय शोधा. वॉरंटीत दुकानातला वापर बसतो का, हे बिल करण्याआधी विचारा.

एका टीव्हीसाठी यापेक्षा जास्त काही लागत नाही असं माझं मत. पण एका पायवर एकच यादी चालते, आणि आमच्या आवृत्तीत ‘रोज अकरापर्यंत नाश्ता, नंतर थाळी’ असं वेळापत्रक नाही. अकराला आम्ही हाताने पान बदलतो. चार-पाच पडदे किंवा दुसरी शाखा असेल तर झिबो नावाचं सॉफ्टवेअर बघा. तेही मुक्तस्रोत आहे, सगळे पडदे एका जागेवरून चालतात, दिवसाचे भाग पाडता येतात. मात्र अँड्रॉइड टीव्हीवर चालवायला त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो, तो खर्च आधीच धरा.