थीटा की डेल्टा फाय ओमेगा?

अमेरिकेत अंडरग्रॅडला निघालेल्या मराठी मुली ऑगस्ट आला की हा प्रश्न विचारतातच. दोन्ही सोरोरिटी, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या सभासद-संघटना; थीटा म्हणजे कापा अल्फा थीटा. रश म्हणजे नव्या सभासद निवडण्यासाठीच्या भेटीगाठी, बिड म्हणजे सभासद होण्याचं आमंत्रण. मी दोन्ही वाटा जवळून पाहिल्या आणि डेल्टा फाय ओमेगात गेले, तेव्हा माझं पारडं किंचित झुकलेलं असणार.

इतिहासात कापा अल्फा थीटाला तोड नाही. जानेवारी १८७०, इंडियानातलं ग्रीनकॅसल. आजच्या डीपॉ विद्यापीठात मुलींना प्रवेश मिळून तेव्हा तीन वर्षंही झालेली नव्हती. तिथल्या बेटी लॉक या विद्यार्थिनीला एका फ्रॅटर्निटीने, म्हणजे मुलांच्या अशाच संघटनेने, बिल्ला देऊ केला, सभासदत्व मात्र नाही. तिने बिल्ला नाकारला आणि तीन मैत्रिणींना घेऊन स्वतःची संघटना काढली. आवडलीच मला ती! कामही भक्कम: हाल झालेल्या मुलांची बाजू कोर्टात मांडणाऱ्या ‘कासा’च्या स्वयंसेवकांना थीटाचं पाठबळ १९८९ पासून आहे.

डेल्टा फाय ओमेगा त्यामानाने कालची पोर. ६ डिसेंबर १९९८, ह्यूस्टन विद्यापीठ. दक्षिण आशियाई मुलींची एकजूट, समाजाचं भान, स्वतःची ओळख ही तिची तत्त्वं, आणि साक्षरतेचं काम.

माझा निर्णय झाला तो मात्र तत्त्वांवरून नाही. थीटासारख्या मोठ्या सोरोरिटींच्या रशमध्ये एकीशी बोलणं जरा रंगात आलं की दुसरी येऊन खांद्याशी उभी राहते, पहिली हसत निघून जाते, आणि पुन्हा ‘कुठली तू, मेजर काय?’ कोणा एका सोरोरिटीचा हा दोष नाही, पद्धतच तशी आहे. शेकडो मुली भेटायच्या तर दुसरं करणार काय? पण संध्याकाळपर्यंत माझ्या नावाचे इतके उच्चार झाले की मीच ओ द्यायची थांबले. डेल्टा फाय ओमेगाच्या मुलींबरोबर एका लायब्ररीच्या खोलीत समोसे खात बसले होते. तिथे एकीने नाव नीट विचारून घेतलं आणि पुढच्या वेळी बरोबर हाक मारली. बास.

उणिवा आहेत. बहुतेक ठिकाणी राहायला घर नसतं. चॅप्टर, म्हणजे कॅम्पसवरची शाखा, लहान, म्हणून कामं मोजक्याच जणींच्या गळ्यात पडतात, आणि दोघींचं बिनसलं तर सगळ्यांना जाणवतं. गप्पा बॉलिवूडकडे वळल्या की नाट्यसंगीतावर वाढलेली मुलगी इथेही गप्पच बसते. मोठं घर, मोठा गोतावळा, देशभर पसरलेल्या माजी सभासदांच्या ओळखी हव्या असतील तर थीटा खरंच बरी पडेल.

मात्र मोठ्या सोरोरिटींच्या रशमध्ये शेवटच्या पसंतीपत्रावर सही करताना जपून. त्यानंतर आलेली बिड नाकारली, तर पुढच्या मुख्य रशपर्यंत त्या कॅम्पसवर त्यांच्यातल्या दुसऱ्या कुठल्या सोरोरिटीत जाता येत नाही. दक्षिण आशियाई सोरोरिटींच्या भेटीगाठी वेगळ्या असतात, बऱ्याचदा सत्र सुरू झाल्यावर. जमलं तर सहीआधी तिकडच्या दोघीतिघींना गाठून बोला.