पवनाकाठचे एकदिवसीय साहसी शिबिर: कारखान्यातील माणसांना कितपत उपयोगी?

भोसरी औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या ज्या कारखान्याचे व्यवस्थापन मी पाहतो, तेथे गेल्या वर्षभरात उत्पादन विभाग आणि गुणवत्ता विभाग यांच्यातील बोलणे जवळजवळ बंद झाले होते. नाकारलेल्या मालावर लाल चिठ्ठी लावायची, ई-मेल पाठवायची आणि उत्तराची वाट पाहत बसायचे, एवढाच संबंध उरला होता. बैठका घेऊन पाहिल्या, जेवणावळी करून पाहिल्या, पण बैठकीत दोन्ही बाजू आपापल्या ओळीत बसत आणि जेवतानाही तसेच होई. अखेर जानेवारीत आम्ही ३६ जणांना एका साहसी उपक्रमांच्या संस्थेमार्फत पवना धरणाच्या काठी एक दिवसाच्या शिबिराला नेले. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या त्रुटी पुढे लिहिणार आहे त्या मी संस्थेला लेखी कळवल्या असून त्यावरचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. पुण्याच्या आसपास अशी सेवा घेऊ पाहणाऱ्यांना काय पाहावे आणि काय विचारावे हे कळावे, एवढ्यासाठी हा अनुभव सविस्तर मांडत आहे.

शुल्क माणशी २,२०० रुपये होते. बसचा खर्च वेगळा. त्यात सकाळचा नाश्ता, दुपारी पिठले-भाकरी आणि खर्डा असे उत्तम गावरान जेवण, पाच उपक्रम आणि सर्व साधने यांचा समावेश होता. कामशेतवरून पवनानगरकडे वळल्यावर समोर तिकोना दिसू लागतो, आणि ज्या धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या घरांत येते ते धरण अनेकांनी त्या दिवशी प्रथमच पाहिले. जागा सुंदर आणि स्वच्छ होती. मात्र महिलांसाठी कपडे बदलण्याची एकच खोली होती, आणि पाण्यातील उपक्रम असलेल्या ठिकाणी ही उणीव लहान नाही.

सुरक्षिततेबाबत प्रथम समाधानाचे लिहितो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून संयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र मी मागताच दाखवण्यात आले. मुख्य प्रशिक्षकांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतून प्रशिक्षण घेतलेले होते, आणि ते त्यांच्या हातांकडे पाहूनच कळत होते. रॅपलिंगच्या (दोराच्या आधाराने कडा उतरण्याच्या) जागी मुख्य दोराखेरीज प्रत्येकाला वेगळा सुरक्षा दोर बांधलेला होता, दोन्ही दोर स्वतंत्र आधारांना जोडलेले होते, आणि कॅराबिनरचा (दोर अडकवण्याच्या धातूच्या कडीचा) स्क्रू फिरवून बंद केल्यावरही ते दुसऱ्या प्रशिक्षकाला हात लावून तपासायला सांगत. सह्याद्रीच्या कातळातून लहान दगड सहज सुटतात, म्हणून खाली उभे असलेल्यांनाही हेल्मेट काढू दिले जात नव्हते. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे पट्टे त्यांनी स्वतः ओढून पाहिले. या बाबतीत संस्थेला मी पूर्ण गुण देईन.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अशा उपक्रमांनी सहकाऱ्यांमधील नाते खरोखर सुधारते का? माझे उत्तर असे आहे की पाचांपैकी एका उपक्रमाने ते सुधारले, तीन उपक्रमांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता आणि एकाने ते बिघडवले.

झिपलाइन, तिरंदाजी आणि दोरीच्या जाळीवरून चढणे हे तीन उपक्रम मौजेचे होते, पण त्यांत प्रत्येक जण एकटाच असतो. माणूस तारेवरून घसरत पलीकडे जातो, टाळ्या वाजतात, छायाचित्र निघते, आणि पुढचा माणूस उभा राहतो. ज्या सहकाऱ्याशी बोलणे बंद आहे त्याच्याशी बोलण्याची गरज त्यात कोठेच पडत नाही.

सुधारणा घडवली ती तराफ्याने. नऊ-नऊ जणांचे चार गट केले, प्रत्येक गटात सर्व विभागांची माणसे मिसळली, आणि चार रिकामे पिंप, बांबू व नायलॉनचा दोर देऊन ४५ मिनिटांत सर्वांना वाहून नेईल असा तराफा बांधायला सांगितले. मी ज्या गटात होतो त्यातील दोघा अभियंत्यांनी लगेच हिशेब मांडला की २०० लिटरचा एक पिंप पूर्ण बुडाल्यास साधारण २०० किलो वजन पेलतो, त्यामुळे चार पिंपांवर नऊ माणसे सहज तरतील. हिशेब बरोबर होता. पण त्यांनी चारही पिंप मधोमध एकमेकांना चिकटवून ठेवले होते. आमच्या स्टोअरमधले काका, जे एरवी बैठकीत एक शब्द बोलत नाहीत, ते बराच वेळ पाहत उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "साहेब, हे तरंगेल, पण उलटेल. पिंप चार कोपऱ्यांना पाहिजेत." काका शिरोळ तालुक्यातले, पंचगंगेच्या काठचे. २००५ च्या महापुरात गुळाच्या काहिलीतून माणसे पलीकडे नेलेली त्यांनी पाहिली आहेत आणि स्वतः वल्हे मारले आहे. गुळगुळीत बांबूवर नायलॉनचा दोर सरकतो, म्हणून बांबूच्या पेराच्या फुगवट्यामागे विळखा घ्यायचा आणि प्रत्येक फेऱ्याला पाय लावून दोर ताणायचा, हे त्यांनी खाली बसून एकेकाला दाखवले. गेली अकरा वर्षे ते आमच्याकडे आहेत, आणि त्यांच्याकडून काही शिकावे असा प्रसंग आम्ही कधी येऊच दिला नव्हता.

तराफा पाण्यात ढकलण्यापूर्वी गुणवत्ता विभागातील एका तरुण तपासनीस मुलीने मागच्या डाव्या कोपऱ्यातील बांधणी हलवून पाहिली आणि ती सैल असल्याचे सांगितले. उत्पादन विभागाचे पर्यवेक्षक म्हणाले, "चालतंय ताई, वेळ संपत आलाय." काठापासून काही अंतरावर नेमका तोच पिंप सुटला. तराफा तिरका झाला, सहा जण पाण्यात गेले आणि लाइफ जॅकेटमुळे हसत हसत वर आले. कोणाला काही झाले नाही.

त्यानंतर काठावर जे झाले त्यासाठी मी या शिबिराचे सर्व पैसे वसूल झाले असे समजतो. ज्येष्ठ प्रशिक्षकांनी सर्वांना ओल्या कपड्यांतच उन्हात बसवले आणि कोणता गट जिंकला हे न सांगता तीन प्रश्न विचारले: पहिल्या दहा मिनिटांत कोण बोलले, कोणाचे ऐकले गेले, आणि चूक आधी कोणाला दिसली होती? बराच वेळ शांतता होती. मग ती तपासनीस मुलगी म्हणाली, "मला दिसली होती. मी सांगितलं. रोजच सांगते." तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते अधिक लागले. पर्यवेक्षक खाली पाहत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले की दर तासाला आकडा विचारला जातो, तेव्हा थांबवायची हिंमत होत नाही. दर तासाला आकडा विचारणारा मीच होतो आणि तेथेच बसलो होतो. कार्यालयात हे संभाषण झाले असते असे मला वाटत नाही, कारण तेथे प्रत्येकाजवळ बचावासाठी कागद असतो. काठावर मात्र सगळ्यांनी एकच गोष्ट एकाच वेळी डोळ्यांनी पाहिलेली होती.

दुर्दैवाने ही चर्चा अर्ध्या तासात आवरती घेण्यात आली, कारण वेळापत्रकात रॅपलिंग बाकी होते. ज्येष्ठ प्रशिक्षकांना थांबायचे होते हे दिसत होते, पण संयोजक घड्याळ दाखवत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, वेल्समधील ॲबरडवी येथे शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी तरुण खलाशांसाठी 'आउटवर्ड बाउंड' या साहसातून शिकवणाऱ्या संस्थेची पहिली शाळा उघडली, तेव्हा ते शिक्षण आठवडेच्या आठवडे चालत असे. आपण तीच कल्पना एका दिवसात बसवतो आणि वर त्यात पाच उपक्रम कोंबतो, तेव्हा सर्वांत आधी कात्री लागते ती बोलण्याच्या वेळेला.

जे बिघडले तेही लिहिले पाहिजे. सुमारे ६० फुटांच्या कड्यावर आमच्या लेखा विभागातील एक सहकारी महिला टोकाशी गेल्या, खाली पाहिले आणि "मला नको" असे स्पष्ट म्हणाल्या. तेथील तरुण प्रशिक्षकाने त्यांना बाजूला घेण्याऐवजी सर्वांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि त्यांच्या नावाचा गजर सुरू केला. आमच्यातलेही बहुतेक जण त्यात सामील झाले. त्या उतरल्या, रडतच उतरल्या, आणि खाली सर्वांनी त्यांचे अभिनंदन केले. परतीच्या प्रवासात त्यांनी मला सांगितले की त्यांना चक्कर येण्याचा त्रास असून औषधे चालू आहेत. सकाळी बसमध्ये वैद्यकीय माहितीचे जे कागद भरून घेतले, ते एका हातातून दुसऱ्या हातात जात पुढे पोहोचत होते, म्हणून त्यांनी ते लिहिले नव्हते. ज्या उपक्रमाचा हेतू परस्परांवरचा विश्वास हा आहे, त्यात नकार देणाऱ्याचा नकार इतक्या जणांनी मिळून मोडून काढणे हे मला अक्षम्य वाटते. दोर दोन होते, हेल्मेट होते, सर्व साधने निर्दोष होती, आणि तरीही त्या बाई त्या कड्यावर सुरक्षित नव्हत्या. त्या पुढचे दोन दिवस कामावर आल्या नाहीत.

आता सहा आठवडे झाले आहेत. नाकारलेला माल दिसला की तपासनीसाने फोन करायचा आणि पर्यवेक्षकाने १५ मिनिटांत जागेवर येऊन तो स्वतः पाहायचा, असे दोन्ही विभागांनी आपसांत ठरवले आहे. मी तासातासाला आकडा विचारणे बंद केले असून तो पाळीला दोनदाच विचारतो. वाद होतात, पण समोरासमोर होतात. स्टोअरची नवी मांडणी करताना काकांना आधी विचारले गेले.

नोव्हेंबरात, पाऊस सरल्यावर आणि कोणाचा रविवार न घेता कामाच्याच दिवशी, पुन्हा जाण्याचा विचार आहे. त्यासाठी संस्थेला तीन अटी कळवल्या आहेत: उपक्रम दोनच ठेवावेत आणि प्रत्येकानंतर किमान तासभर चर्चा व्हावी, वैद्यकीय माहिती आधीच बंद पाकिटात घ्यावी, आणि नकार देणाऱ्याला टाळ्या वाजवून पुढे ढकलू नये, हे प्रशिक्षकांना लेखी बजावावे. पहिल्या दोन अटी त्यांनी मान्य केल्या आहेत. तिसऱ्या अटीवर "प्रोत्साहन देणे हा आमच्या पद्धतीचा भाग आहे" असे उत्तर आले असून, ते बदलल्याशिवाय आगाऊ रक्कम भरायची नाही असे मी ठरवले आहे.