वैनगंगेवर एक रात्र गळ आणि तंबू: नदीसाठी जा, काकांसाठी जा, अंथरूण मात्र घरून न्या

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आम्ही चार मित्र नागपूरहून भंडाऱ्याकडे वैनगंगेवर फिशिंग आणि कॅम्पिंगला जाऊन आलो. आल्यापासून ऑफिसात, बिल्डिंगमध्ये जो तो विचारतोय कसं होतं, कितीला पडलं, पोरांना नेता येईल का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. कॅम्पवाल्यांचं नाव घेत नाही, कारण काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना फोन करून सरळ सांगितल्या आहेत.

माणशी २,२०० रुपये घेतले. त्यात नदीवरचा फ्लोट म्हणजे राफ्टमधून धारेसोबत वाहत जात मासे धरणं, रॉड वगैरे सामान, तंबू, शनिवारची दोन जेवणं आणि रविवारचा नाश्ता. गाडी आपली. भंडारा साठेक किलोमीटर, रस्ता चांगला, माथनीचा टोल आणि मौदा मागे पडलं की आपण धानाच्या मुलखात आलो हे नाकालाच कळतं. आम्ही पुढे मोहाडीच्या बाजूला वळलो. बहुतेक बांध्यांमधली कापणी झालेली, कडेला धानाचे पुंजणे म्हणजे रचलेले ढीग आणि कापलेल्या धसकटांमधून लाखोळी डाळीचं पीक हिरवं वर आलेलं. नुसतं हे बघायलाही सकाळी सातला घर सोडलं ते बरं झालं.

बुकिंगच्या आधी मी त्यांना दोन गोष्टी विचारल्या होत्या आणि तुम्हीही कुठेही जाल तिथे विचारा. पहिली, नदीचा नेमका पट्टा कोणता. आपल्या नागपूरची नाग नदी शहराची सगळी घाण घेऊन पुढे कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला, म्हणजे आपण जे नाल्यात सोडतो ते शेवटी गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात जाऊन बसतं. मला त्या पाण्यातला मासा खायचा नव्हता. यांचा पट्टा भंडाऱ्याच्याही वर आहे, नागेचं पाणी तिथपर्यंत येत नाही, म्हणून हो म्हटलं. दुसरी गोष्ट परवानगीची. खूप जण म्हणतात की पेंच जवळ आहे, तोतलाडोहला जाऊ गळ टाकायला, पण तो व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे मासेमारीला बंदी आहे, गुन्हा दाखल होतो. इथे गावच्या मच्छीमार संस्थेला पैसे भरल्याची पावती त्यांनी मागितल्यावर लगेच दाखवली. याचे पूर्ण मार्क.

आता मुख्य गोष्ट. या ट्रिपमध्ये जे काही चांगलं झालं ते एका माणसामुळे झालं. त्यांच्या जाहिरातीत तंबूंचे फोटो आहेत, शेकोटीचे आहेत, त्या माणसाचा एकही नाही. राफ्टवर आमच्यासोबत दिलेले काका, साठीच्या आसपासचे, गावातले ढिवर म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातले, लहानपणापासून याच पाण्यावर डोंगा म्हणजे लहान होडी चालवत आलेले. आम्ही राफ्टमध्ये बसायच्या आधी त्यांनी चौघांचे लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः ओढून बघितले, एकाचं सैल होतं ते काढून दुसरं घालायला लावलं. आमच्यातला एक जण पट्टीचा पोहणारा आहे, तो म्हणाला मला नको, तर काका शांतपणे म्हणाले, "मंग तुमी काठावरच बसा बाबू, मी नेत नाही." झालं, त्याने घातलं. पोरांना न्यायचं की नाही याचं माझं उत्तर इथेच आहे, काका असतील तर दहा-बारा वर्षांच्या वरचं पोरगं बिनधास्त न्या.

कंपनीने दिलेले रॉड साधारण होते, दोन रील अडकत होत्या, दोरा जुना होऊन वळलेला आणि दोऱ्यावर तरंगायला लावतात त्यालाही फ्लोटच म्हणतात, तो फ्लोट म्हणून लाल प्लास्टिकचा एवढा मोठा गोळा की तो बुडवायला मगरच पाहिजे. काकांनी ते गोळे काढून ठेवले आणि आपल्या पिशवीतून वाळक्या काडीचे, बोटाएवढे, घरी बनवलेले फ्लोट काढले. मग गळाला शिशाचा तुकडा बांधून पाण्यात सोडला, फ्लोट बुडाला, वर घेऊन दोऱ्यावर थोडा सरकवला, पुन्हा सोडला, असं तीन-चारदा, जोवर काडीचं टोक तेवढं पाण्यावर उभं राहिलं नाही तोवर. तळ किती खाली आहे ते असं मोजतात हे मला चाळीस वर्षांत कोणी दाखवलं नव्हतं. मग म्हणाले मृगळ पाहिजे तर चारा तळाला टेकवा, रोहू पाहिजे तर हातभर वर ठेवा, कतला वरच्या पाण्यात चरतो, त्याला वेगळं लावू. चारा कणकेचा, त्यात शेंगदाण्याची ढेप आणि थोडी हळद, मळून असा घट्ट की धारेत सुटू नये. आणि वेगळे कोंडा-ढेपीचे लाडू, ते जिथे मासे पाहिजे तिथे टाकायचे नाहीत तर वरच्या अंगाला टाकायचे, धार ते फोडत फोडत आपल्या गळापर्यंत घेऊन येते.

पहिला अर्धा तास काही नाही. थंडीत सकाळी पाणी गार असतं, मासा सुस्त असतो, ऊन चढल्यावर चरायला लागतो हे काकांनी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे कोणी कंटाळलं नाही. राफ्ट वाहत होती, मधे रेतीचं बेट आलं की काका बांबू टेकवून बाजूने काढायचे, चक्रवाकाची एक जोडी बराच वेळ आमच्या पुढे पुढे उडून बसत होती, आणि चार माणसं ज्यांचे फोन दिवसभर वाजतात ती काडीच्या टोकाकडे बघत गप्प बसलेली. मुख्य धार आणि शांत पाणी जिथे एकमेकांना लागून वाहतात तिथे एक रेघ दिसते, काकांनी सांगितलं गळ त्या रेघेवरच जाऊ द्या, मासा आत आरामात उभा राहतो आणि धारेतून येईल ते उचलतो. त्या रेघेवर माझा फ्लोट थरथरला. मी लगेच रॉड उचलला, गळ रिकामा. पुन्हा थरथर, पुन्हा रिकामा. तेव्हा काका म्हणाले, "घाई नको करू बाबू, ते बारीक मासोरी टोचते. मोठा आला का काडी आडवी सरकते, मंग जाते खाली. पुरती बुडू दे तिले."

अकराच्या सुमारास काडी आडवी सरकली. मी श्वास धरून थांबलो, ती तिरपी झाली, गेली. उचलल्याबरोबर हाताला जे ओझं लागलं ते मी अजून विसरलो नाही. काका मागून एवढंच म्हणत होते, ढील दे, ढील दे, आता घे. दीडेक किलोचा रोहू. त्यानंतर बँकेतल्या मित्राला एक मृगळ, अजून एक लहान रोहू, आणि बाकी वीतभराचे पाच-सहा, ते काकांनी ओल्या हाताने धरून परत सोडले. कोरड्या हाताने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा सोडूनही मरतो, म्हणून आधी हात पाण्यात बुडवा, हे त्यांनी आम्हा प्रत्येकाकडून करून घेतलं.

आणि नेमका मासा लागायला सुरुवात झाली तेव्हा राफ्टवरचा वेळ संपला. फोनवर तीन तास सांगितले होते, प्रत्यक्षात दोनही पूर्ण झाले नाहीत, कारण तीच राफ्ट दुसऱ्या ग्रुपला द्यायची होती. याचा मला खरंच राग आला. माणूस २,२०० रुपये नदीवरच्या वेळेसाठी देतो, शेकोटी तर घरच्या गच्चीवरही होते.

जेवणाचं म्हणाल तर एक नंबर. दुपारी चिन्नोरचा भात, लाखोळीच्या डाळीचे वडे आणि झिंग्यांची भाजी. रात्री आमचाच रोहू गावातल्या दोन ताईंनी चुलीवर केला, भिवापुरी मिरची, जवस थोडं भाजून वाटलेलं, वरून सांबार म्हणजे कोथिंबीर, सोबत तांदळाची भाकर. सावजीसारखी तेलाची तर्री नव्हती, पातळ आणि झणझणीत, माशाची चव तशीच राहिलेली. फक्त जेवण साडेदहाला मिळालं, तोवर थंडी वाजायला लागली होती, पोरं असती तर झोपून गेली असती.

तंबू मात्र नको. एकाच पदराचे, वर दुसरं कापड नाही, आणि नदीकाठी नोव्हेंबरात दव किती पडतं हे यांना माहीत नसेल असं कसं होईल? रात्री दोनला तंबूच्या आतून थेंब पडायला लागले, श्वासाची वाफ आणि बाहेरचं दव मिळून आमची पांघरुणं ओली. स्लीपिंग बॅग पातळ आणि वास येणाऱ्या. चौदा माणसांत एक टॉयलेट, तेही सकाळी पाणी संपलेलं. शेजारच्या ग्रुपने बारापर्यंत स्पीकर लावला होता, कॅम्पवाल्यांना दोनदा सांगितलं तर म्हणे तेपण पैसे देऊन आलेत. नदीकाठी रात्री आवाज किती लांब जातो, पलीकडच्या गावात लोक झोपलेले असतात, पाण्यावर पक्षी असतात, याचा तरी विचार करायला पाहिजे ना. हे मी त्यांना कडक शब्दांत सांगितलं आहे.

सकाळी साडेपाचला मी ओल्या तंबूतून बाहेर आलो तर धुक्यात काका एकटे डोंग्यातून जाळं काढत होते. मला बोलावलं, बसवलं, अर्धा तास फिरवलं, काही न मागता. बोलता बोलता कळलं की आमच्या ८,८०० रुपयांतले त्यांना दिवसाचे ५०० मिळतात, रविवारी सकाळच्या राफ्टचे वेगळे काही नाही. मी घरी आल्यावर कॅम्पवाल्यांना पहिला फोन याच्यासाठी केला, तंबूसाठी नंतर. तुम्ही गेलात तर काकांच्या हातात वेगळे पैसे द्या आणि कंपनीला सांगूनही द्या, म्हणजे त्यांना कळेल लोक कशासाठी येतात.

जायचं असेल तर फेब्रुवारीच्या आत जा, पुढे पाणी उतरतं, राफ्ट रेतीत रुतते, आम्हालाच दोनदा उतरून ढकलावी लागली. पावसाळ्यात कोणी स्वस्तात नेतो म्हणाला तरी जाऊ नका, वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं की ही नदी बघता बघता चढते, २०२० च्या ऑगस्टअखेरीस भंडारा शहरात घरांत पाणी शिरलं होतं ते आठवा. घरून जाड ब्लँकेट, खाली टाकायला ताडपत्री, टॉर्च, आणि हौस असेल तर आपला रॉड आणि नवा दोरा न्या. राफ्टवरचा फ्लोट किती तासांचा हे मेसेजवर लिहून घ्या. शनिवार टाळता आला तर टाळा, रविवार-सोमवार करा, स्पीकरवाले नसतात.

नदीवरचा वेळ आणि जेवण याला मी ५ पैकी ५ देतो, मुक्कामाला २. आम्ही जानेवारीत पुन्हा जातोय, तंबू आपले, राफ्ट अख्ख्या दिवसाची ठरवलीय, आणि बुकिंग करताना पहिलं हेच विचारलं की काका आहेत ना. आहेत म्हणाले. काकांनी निरोप दिलाय की यावेळी कतल्यासाठी वेगळा चारा मळून ठेवतो, लवकर या.