गोल्फची खासगी शिकवणी: काही महिन्यांनंतर स्विंगमध्ये काय बदललं, काय तसंच राहिलं

ज्यांचा चेंडू सरळ निघून शेवटी उजवीकडे वळतो, त्यांना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच: सरावाच्या रेंजवर चेंडूंची बादलीमागून बादली मारत राहायची की प्रोला (व्यावसायिक प्रशिक्षकाला) पैसे देऊन एकट्यानं लेसन घ्यायचं? कित्येक महिने लेसन घेतल्यानंतरचं उत्तर आधीच देऊन टाकतो. घ्यावं. मात्र टीव्हीवरच्यासारखा देखणा स्विंग मिळेल या आशेनं घेऊ नये. चेंडूला क्लब लागतो त्या क्षणी क्लबफेस (क्लबचा चेंडूला लागणारा सपाट भाग) कुठे बघतोय हे ओळखायला आणि ते बदलायला शिकणं, या एका गोष्टीत सगळे पैसे वसूल होतात. बाकीची बरीचशी सुधारणा त्यामागून येते. (खालचं सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट धराव्यात.)

पहिल्या तासातच प्रो कसा आहे ते कळतं. चांगला प्रो आधी कंबर, मनगट, खांद्याची दुखापत विचारतो, पूर्वी कुठला खेळ खेळलात ते विचारतो, मग सात नंबरच्या आयर्ननं (मध्यम अंतराच्या क्लबनं) दहा-पंधरा चेंडू मारायला सांगतो आणि तेवढा वेळ काही बोलत नाही. मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये दोन बाजूंनी चित्रण. एक समोरून, छातीच्या उंचीवर. दुसरं मागून, हातांच्या उंचीवर, कॅमेरा पायांच्या बोटांच्या रेषेला समांतर धरून. सेकंदाला 240 फ्रेम मिळत असतील तर उत्तम. मागचा कॅमेरा फूटभर जरी इकडेतिकडे सरकला तरी क्लबची वाट भलतीच दिसते, म्हणून दर वेळी जमिनीवर खूण करून तिथेच उभं राहायचं. घरी स्वतः चित्रण करणाऱ्यांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

यानंतर चांगला प्रो हात घालतो तो ग्रिपला, म्हणजे क्लब धरण्याच्या पद्धतीला. बहुतेकांना हे कंटाळवाणं वाटतं, पण खरी गंमत इथेच आहे. डाव्या हातात क्लब तळव्यात आडवा न धरता बोटांत धरायचा: करंगळीच्या मुळापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत तिरका. वरून पाहिलं की डाव्या हाताची दोन ते अडीच बोटांची हाडं दिसली पाहिजेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच हनुवटी आणि उजवा खांदा यांच्या मध्ये कुठेतरी रोखलेली हवी. उजव्या तळव्याची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर झाकण घातल्यासारखी बसते. करंगळी वर चढवायची, गुंतवायची की दहाही बोटं धरायची, हा प्रश्न दुय्यम आहे, हाताच्या आकारावर ठरवावा.

ग्रिप चुकतेय का ते बघायला ग्लोव्ह काढून पाहा. करंगळीच्या खाली, तळव्याच्या टाचेपाशी ग्लोव्ह झिजलाय किंवा भोक पडलंय? मग क्लब तळव्यात धरला जातोय आणि प्रत्येक फटक्याला घसरतोय. घसरतो म्हणून माणूस तो आवळतो. आवळला की मनगटं आणि कोपरापर्यंतचे स्नायू ताठ होतात, आणि फेस उघडाच, म्हणजे उजवीकडे बघत, राहतो. नवा ग्लोव्ह घेऊन हे सुटत नाही.

आता चेंडूच्या उड्डाणाकडे. जुन्या शिकवणीत सांगत की चेंडू क्लबच्या वाटेवर निघतो आणि फेसच्या दिशेला वळतो. चेंडूचं उड्डाण मोजणारं रडार आल्यावर उलगडलं ते जवळपास उलटं निघालं. चेंडू सुरुवातीला मुख्यतः फेसच्या दिशेनं निघतो. ड्रायव्हरमध्ये (सगळ्यात लांब मारायच्या क्लबमध्ये) या दिशेत फेसचा वाटा साधारण 85 टक्के, आयर्नमध्ये 75 टक्क्यांच्या आसपास. फेस आणि पाथ (क्लबची वाट) यांच्यातल्या फरकानं चेंडू वळतो. उदाहरण घ्या (उणे म्हणजे लक्ष्याच्या डावीकडे, अधिक म्हणजे उजवीकडे): पाथ उणे 6 अंश, म्हणजे बाहेरून आत, आणि फेस लक्ष्याच्या तुलनेत उणे 2. चेंडू किंचित डावीकडे निघणार आणि उजवीकडे वळणार, कारण फेस पाथच्या मानाने 4 अंश उघडा आहे. हाच फेस अधिक 1 झाला तर चेंडू जवळपास सरळ निघून आणखी जास्त उजवीकडे वळणार. दोन्हींना माणूस 'स्लाइस' म्हणतो, पण आकडे वेगळे आणि उपायाचं प्रमाणही वेगळं. 'चेंडू निघाला कुठे आणि वळला कुठे' हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारायची सवय लागली, एवढ्यासाठीसुद्धा लेसनचे पैसे दिल्याचं समाधान वाटतं.

आता 'ओव्हर द टॉप'. डाउनस्विंगला उजवा खांदा पुढे झेपावतो, क्लब बाहेरून येतो. सगळे याच्यावर तुटून पडतात: 'आतून आण, आतून आण.' मूळ मात्र बऱ्याचदा आधीच्या टप्प्यात असतं. बॅकस्विंगच्या टोकाला फेस उघडा पोचला की चेंडू उजवीकडे जाणार हे शरीराला ठाऊक असतं, म्हणून ते क्लब डावीकडे ओढतं. उजवीकडे जातो म्हणून माणूस पायही डावीकडे रोखून उभा राहतो, त्यामुळे पाथ आणखी बाहेरून आत येतो आणि वळण वाढतं. म्हणून क्रम असा: आधी ग्रिपनं फेस बंद करायचा, काही दिवस चेंडू सरळ डावीकडे जाऊ द्यायचा, आणि मग पाथला हात लावायचा. असा सरळ डावीकडचा फटका, म्हणजे 'पुल', पडायला लागला की घाबरून पुन्हा जुन्या ग्रिपवर जायचं नाही. तो पुल सुधारणेचाच भाग असतो. जो प्रो हे आधी बजावून सांगतो तो खरा.

आपल्याकडे याला क्रिकेटची जोड असते. फलंदाजीतून आलेल्याला दोन-तीन सवयी चिकटलेल्या असतात. डोकं आणि छाती पुढच्या पायावर झुकतात. क्रिकेटमध्ये हे बरोबर, इथे डोकं चेंडूच्या पुढे गेलं की ड्रायव्हरचा फटका वरून खाली पडतो. खालचा हात प्रबळ असतो, त्यामुळे मनगटं लवकर सुटतात, आणि चेंडूच्या आधी माती लागते किंवा चेंडूचं डोकं लागतं. शिवाय 'डावं कोपर वर' हे अंगवळणी पडलेलं असतं, ज्यानं फेस बंद व्हायला जागाच राहत नाही. प्रोला क्रिकेट ठाऊक असेल तर अर्धं काम तिथेच होतं. यावर सगळ्यात उपयोगी पडलेला सराव साधा आहे: दोन्ही पाय जुळवून, पाऊण ताकदीनं, सात नंबरनं लहान फटके. पुढे झेपावता येतच नाही, तोल जातो. मनगटांची घाईही लगेच दिसते.

लेसनचा तास निदानासाठी असतो. बदल येतो तो मधल्या आठवड्यात. एका वेळी एकच गोष्ट, आणि ती हळू. पन्नास चेंडूंच्या बादलीतले निम्मे चेंडू अर्ध्या वेगानं, त्यातही दर चेंडूआधी दोन-तीन कोरडे स्विंग. बॅकस्विंगला डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ लागतो हे प्रमाण सांभाळायचं. अर्ध्या वेगात जमत नसेल ते पूर्ण वेगात जमणार नाही, आणि जमल्यासारखं वाटलं तर ते दुसऱ्याच चुकीनं झाकलेलं असतं. दोन लेसनमध्ये दोन आठवड्यांचं अंतर बरं. दर तिसऱ्या दिवशी लेसन घेणाऱ्यांच्या डोक्यात सूचनांची गर्दी होते.

रेंजवरच्या मॅटबद्दल सावध राहा. चेंडूच्या तीन-चार इंच मागे क्लब टेकला तरी तो मॅटवरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका बरा वाटतो. कोर्सवर त्याच फटक्याला ढेकूळ निघतं आणि चेंडू वीस यार्ड जातो. उपाय: चेंडूमागे चार इंचांवर टॉवेलची घडी ठेवायची. टॉवेल हलला की फटका बाद. गवतावर मारायला मिळालं तर डिव्हट (क्लबनं गवतात पडणारा खड्डा) चेंडूच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला सुरू झाला पाहिजे. मॅटवर रोज मारणाऱ्यांच्या कोपराला त्रास होतो, तोही ध्यानात ठेवावा.

ड्रायव्हरचं गणित वेगळं. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर, टी (चेंडू ठेवायची खुंटी) एवढी उंच की निम्मा चेंडू क्लबच्या वर दिसावा. आणि इथे एक प्रयोग जरूर करा. व्हाइटबोर्ड मार्करनं चेंडूच्या मागच्या बाजूला ठळक टिकली काढा, टिकली फेसकडे येईल असा चेंडू टीवर ठेवा. फटक्यानंतर ती फेसवर उमटते. टाचेकडे उमटत असेल तर स्विंग चांगला असूनही चेंडू उजवीकडे वळेल. मोठ्या डोक्याच्या ड्रायव्हरचा गुणच तो. टोकाकडे लागला की डावीकडे. कितीतरी जण आपला पाथ दुरुस्त करत बसतात आणि खरं कारण असतं चेंडूच्या हवं त्यापेक्षा दोन इंच जवळ उभं राहणं. मार्कर दहा-वीस रुपयांचा, आणि उत्तर एका मिनिटात.

काय बदललं? वळण कमी झालं, आणि मुख्य म्हणजे वाईट फटका कमी वाईट झाला. आयर्नचा आवाज बदलला. काय नाही बदललं? अंतर फारसं वाढलं नाही. क्लबचा वेग हा ताकद आणि लवचिकतेचा प्रश्न आहे, तो तासाभराच्या लेसनमध्ये सुटत नाही. आणि स्कोअर तर त्याहून हट्टी: निम्म्याच्या जवळपास फटके होलभोवतीच्या हिरवळीच्या आसपास आणि पटरनं खेळले जातात. पुन्हा पॅकेज घ्यायची वेळ आली तर दर तिसरं लेसन चिपिंग-पटिंगसाठी (हिरवळीजवळच्या आणि हिरवळीवरच्या छोट्या फटक्यांसाठी) मागून घ्यावं.

प्रो निवडताना एक कसोटी. तुमचा स्विंग मोडून स्वतःसारखा करायला निघालेला प्रो टाळा. अमेरिकी गोल्फर जिम फ्युरिकचा बॅकस्विंग वर जाऊन वळसा घेतो, तरीही तो 2003 साली यूएस ओपन जिंकला आणि 2016 मध्ये त्यानं पीजीए टूरवर 58 फटक्यांचा राउंड खेळला, कारण इम्पॅक्टला (चेंडूला क्लब लागताना) फेस जागेवर येतो. प्रमाणपत्र विचारा: इंडियन गोल्फ युनियनची नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया प्रशिक्षकांना ते देते. मात्र कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा) म्हणून सुरुवात करून शिकलेल्या प्रोंना कमी लेखू नका. इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक गोल्फर अली शेर, 1991 साली, कॅडीच होता. अशा माणसांची नजर यंत्राच्या आधी चूक पकडते.

ठिकाणाचंही बघा. पुण्यात येरवड्याचा पूना क्लब, बावधनचं ऑक्सफर्ड, मुंबईत चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी अशा जागांवर सभासदत्व किंवा पाहुणा म्हणून प्रवेश कसा मिळतो ते आधी विचारावं. खारघर व्हॅली हे सिडकोचं कोर्स आहे, तिथे सभासद नसतानाही पैसे भरून खेळता येतं. अनेक क्लबांत बाहेरचा प्रो आणून शिकता येत नाही, हे पॅकेज भरण्याआधीच बोलून घ्या. फीमध्ये चेंडूंचे पैसे धरलेत का, पावसानं लेसन बुडालं तर पुढे ढकलतात का, चित्रण तुम्हाला मिळतं का, हेही. लाँच मॉनिटरचे (फटका मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे दाखवत असतील तर पाथ यंत्र मोजतंय की अंदाजानं काढतंय ते विचारा. स्वस्त यंत्रं बहुधा काढतात. रेंजचे चेंडू कठीण आणि झिजलेले असतात, म्हणून अंतराच्या आकड्यावर क्लब बदलायचा निर्णय घेऊ नये.

क्लब बदलायचाच असेल तर आधी लाय (क्लबच्या दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) बघून घ्यावी. डिव्हट टाचेकडे खोल जात असेल तर क्लब जरा जास्त उभा आहे आणि चेंडू डावीकडे जाण्याकडे झुकेल. टोकाकडे खोल असेल तर उलट. आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत ग्रिपचं रबर लवकर गुळगुळीत होतं. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणानं घासून कोरडं केलं तर महिनाभर पकड परत येते. तेवढ्यानं येत नसेल तर रिग्रिप करून, म्हणजे नवं रबर बसवून, घ्यावं, नाहीतर प्रोनं बसवलेली नवी ग्रिप पुन्हा आवळायला लागते.